ताईचं व्हाइटनिंग आणि घरचा ग्रुप

ताई: ऐका सगळे. लग्नाला सात आठवडे राहिलेत. मी दात पांढरे करून घ्यायचं ठरवलंय. घरगुती उपाय नाही, रीतसर क्लिनिकमध्ये जाऊन. एका बैठकीत होतं म्हणतात. कोणी केलंय का?

काका: दात घासत जा नीट, पैसे वाचतील.

ताई: काका, दोन वेळा घासते हो.

आत्या: अगं, मी केलं होतं मागे. घरी येऊन आरशात बघितलं तर काय खूश! आठवड्याने बघते तर रंग थोडा उतरलेला. आणि पुढचा एक दात जसाच्या तसा पिवळा राहिला. आधी तो लक्षातही येत नव्हता, आता सगळ्या फोटोत तोच दिसतो. आधी कोणी एक शब्द बोललं नाही.

वहिनी: आत्या, त्या दाताला कॅप आहे ना?

आत्या: आहे. फार जुनी.

वहिनी: मग तो कसा बदलेल? पांढरं करणारं जेल खऱ्या दातावरच चालतं. कॅप, व्हिनियर (दातावर चिकटवलेला पातळ पापुद्रा), दाताच्या रंगाचं फिलिंग, यांचा मूळ रंग त्याने बदलत नाही. तुम्हाला हे आधी सांगायलाच हवं होतं. ताई, तुझ्या समोरच्या दाताचा कोपरा तुटला होता, तिथे फिलिंगच आहे ना?

ताई: अरे देवा. हो. शाळेत असताना केलेलं.

वहिनी: म्हणजे तारखा आजच मांडायला लागतील. दात पांढरे झाले की ते फिलिंग नव्या रंगाला जुळवून बदलायचं. पण लगेच नाही. जेलमधल्या पेरॉक्साइड या रसायनातला ऑक्सिजन काही दिवस दातात राहतो आणि तोवर नवं फिलिंग नीट धरत नाही. साधारण दोन आठवडे थांबतात. तेवढ्यात रंगही स्थिरावतो, नाहीतर जुळवणार कशाला? आत्यांचा रंग आठवड्यात उतरला तो त्यामुळेच. तासभर तोंड उघडं ठेवून दात सुकतात आणि सुकलेला दात जास्त पांढरा दिसतो. लाळेने पुन्हा ओला झाला की खरा रंग कळतो.

आत्या: म्हणजे मला फसवलं नव्हतं?

वहिनी: रंगाच्या बाबतीत नाही. कॅपच्या बाबतीत, सांगितलं नाही ही चूकच.

दादा: आणि तो निळा दिवा? सगळ्या जाहिरातींत असतो.

वहिनी: काम जेल करतं. दिव्याने दात आणखी तापतात, सुकतात, त्यामुळे खुर्चीतून उठताना फरक मोठा वाटतो. पुढे टिकणारा वेगळा फायदा फारसा दिसत नाही, कळ मात्र वाढू शकते. दिवा आहे म्हणून क्लिनिक निवडायचं कारण नाही.

काकू: शनिवारी जेवायला कोण कोण ते आधी कळवा. मग दात.

ताई: मी आहे काकू. वहिनी, पण माझे दात पिवळे का आहेत तेच मला कळत नाही. चहा आहे दोन वेळा, बस.

वहिनी: हाच प्रश्न आधी विचारायचा, आणि तो बहुतेक जण विचारत नाहीत. मेसेज लांबणार आहे, सांभाळून घ्या.

व्हाइटनिंगमध्ये दातावर रंग लावत नाहीत आणि दात खरवडतही नाहीत. पेरॉक्साइड एनॅमलमधून, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातून, आत झिरपतं, खालच्या डेंटिन नावाच्या थरापर्यंत जातं आणि रंग देणारे रेणू तोडतं. त्यामुळे रंग कशाचा आणि कुठे आहे यावर सगळं ठरतं. वयाबरोबर एनॅमल झिजतं, आतलं डेंटिन जाड होतं आणि ते मुळातच पिवळसर असतं. हा पिवळेपणा चांगला उतरतो. राखाडी किंवा निळसर छटा चिवट. लहानपणी, दात आत तयार होत असताना टेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक दिलं गेलं तर जे पट्टे राहतात त्यांना महिनोन् महिने लागतात आणि तरी पूर्ण जातील असं कोणी लिहून देऊ नये. फ्लोरोसिसचे, म्हणजे लहानपणी जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने पडलेले, पांढरे ठिपके असतील तर सुरुवातीला ते उलट जास्त उठून दिसतात. आणि दातावर साचलेला दगड म्हणजे टार्टर, त्यावर जेलचा काही उपयोग नाही. तो स्केलिंगनेच, म्हणजे दंतवैद्याकडे दात साफ करूनच, निघतो.

कित्येकांना स्केलिंग आणि पॉलिशिंग झाल्यावर आरशात बघून व्हाइटनिंगची गरजच वाटत नाही. म्हणून आधी ते करून घे, मग ठरव.

काका: हे माझ्यासाठी लिहिलंय असं वाटतंय.

वहिनी: काका, तुमच्यासाठी वेगळं लिहिते. तुमच्या हिरड्या खाली सरकल्यात, मुळं उघडी पडलीत. मुळावर एनॅमल नसतं, तो भाग पांढरा होत नाही. जेल लागलं तर कळ मात्र मस्तकात जाईल. तुमचं काम स्केलिंगचं.

काका: बरं सूनबाई.

मामी: माझा एकच दात काळपट आहे. खूप वर्षांपूर्वी मार बसला होता. त्याला पण हेच का?

वहिनी: नाही मामी. एकटाच दात काळवंडला असेल तर बहुतेक वेळा आतली नस मेलेली असते. आधी एक्स-रे. गरज असेल तर रूट कॅनॉल आणि मग त्याच दाताच्या आत औषध भरून काही दिवस बंद ठेवतात, आतून पांढरा करतात. त्यात पुढे मूळ झिजण्याचा थोडा धोका असतो, म्हणून अधूनमधून एक्स-रे काढून लक्ष ठेवायचं. कोणी न तपासता त्यावर बाहेरून जेल लावू म्हणालं तर उठून या.

मामेबहीण: वहिनी, मी अजून बाळाला पाजतेय. मला चालेल?

वहिनी: थांब थोडी. गरोदरपणी आणि पाजत असताना हे पुढे ढकलतात. अपाय होतोच असं नाही, पण सुरक्षित आहे असं ठामपणे सांगण्याइतका अभ्यास नाही आणि याची घाई कुठे आहे?

आतेभाऊ: कोळशाची पावडर आणलीय मी. रील्समध्ये तर एकदम पांढरे होतात.

आत्या: काय आणलंयस?

वहिनी: फेकून दे. कोळसा घासला की वरचे डाग निघतात, आणि रोज घासलं की एनॅमलही. लिंबू आणि खाण्याचा सोडा ही जोडी तर त्याहून वाईट, लिंबाचं आम्ल एनॅमल मऊ करतं आणि त्यावर तू घासणार. गेलेलं एनॅमल परत येत नाही, आणि ते पातळ झालं की खालचं पिवळं जास्त दिसतं. म्हणजे पांढरे करता करता कायमचे पिवळे. आणि सोळाव्या वर्षी क्लिनिकमध्येही नको. युरोपीय संघाच्या २०११ च्या नियमानुसार ०.१ टक्क्यापेक्षा जास्त पेरॉक्साइड असलेलं व्हाइटनिंगचं उत्पादन अठरा वर्षांखालच्यांना वापरता येत नाही, आणि मोठ्यांनाही ६ टक्क्यांपर्यंतचंच, तेही दंतवैद्यामार्फत.

आतेभाऊ: ओके. पण नंतर करणार.

ताई: माझ्याकडे या आता. त्या क्लिनिकने ३५ टक्के लिहिलंय. जास्त म्हणजे चांगलं?

वहिनी: जास्त म्हणजे लवकर, एवढंच. मघाचा ६ टक्क्यांचा नियम युरोपातला; इतरत्र क्लिनिकमध्ये खुर्चीत बसून करतात तेव्हा साधारण २५ ते ४० टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं. इतकं तीव्र म्हणून हिरड्यांवर आधी संरक्षक थर लावतात, ओठ बाजूला धरून ठेवतात, डोळ्यांना चष्मा. पंधरा-वीस मिनिटांचे दोन-तीन थर. हिरडी नीट झाकली नाही तर ती पांढरी पडते आणि चुरचुरते. बहुतेक वेळा आपोआप बरी होते, पण घाबरायला होतं.

दुसरा मार्ग घरचा, पण दंतवैद्याने दिलेला. तुझ्या दातांचं माप घेऊन दातांवर बसणारे पातळ ट्रे बनवतात, त्यात थोडंसं १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड घालून रात्री लावून झोपायचं, साधारण दोन आठवडे. यातून मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आसपासच असतं, म्हणून डब्यावरच्या आकड्यांची सरळ तुलना करू नकोस.

दादा: हे ट्रेचं मी वाचलं. १९६० च्या दशकात अमेरिकेत दात सरळ करणारा एक डॉक्टर हिरड्या सुजल्या म्हणून पेशंटना ट्रेमधून जंतुनाशक द्यायचा. हिरड्या बऱ्या झाल्या आणि दातही पांढरे झाले!

वहिनी: हो, खरं आहे. बिल क्लुस्मायर, आर्कान्सासचे. ते जंतुनाशक म्हणजे हेच कार्बामाइड पेरॉक्साइड. पुढे १९८९ मध्ये हेवुड आणि हेमन यांनी ही पद्धत लिहून प्रसिद्ध केली, तेव्हापासून ती सगळीकडे गेली.

मला विचारशील तर ट्रे. शेवटचा रंग दोन्हीकडे जवळपास तेवढाच येतो, ट्रेमध्ये कळ सहसा कमी आणि हवा तेवढा रंग आला की थांबता येतं. पुढे कधी रंग उतरला तर ट्रे घरातच असतात, फक्त जेल आणायचं. परवा लग्न असतं तर खुर्चीतलं म्हटलं असतं. तुझ्याकडे वेळ आहे.

ताई: कळ किती असते? खरं सांगा.

वहिनी: बऱ्याच जणांना येते. थंड लागलं की झिणझिणी, कधी काहीही न लावता एकदम झटका. बहुतेकांची काही दिवसांत जाते. आजपासून पोटॅशियम नायट्रेट असलेली सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट सुरू कर. आणि एखादी कीड किंवा तडा असेल तर आधी तो बुजवायचा, नाहीतर जेल थेट आत. उपचारात सलग दुखायला लागलं तर एक रात्र सोड, सलग दोन आठवड्यांचा हट्ट नको.

आत्या: मला एका कार्डावरचे दात दाखवले होते, कुठला रंग हवा म्हणून. मी सगळ्यात पांढरा निवडला.

वहिनी: ते शेड गाइड. तो रंग तुमच्या दातांना येईलच असं नसतं. ताई, सुरुवातीला त्या पट्टीशी जुळवून फोटो काढायला सांग, नाहीतर नंतर किती फरक पडला यावर वाद होतो. आणि सुळे बाकीच्यांपेक्षा नेहमीच थोडे गडद असतात, त्यांना समोरच्या दातांएवढं पांढरं करायच्या मागे लागू नकोस. डोळ्यातल्या पांढऱ्याच्या आसपास आलं की चेहऱ्याला शोभतं.

दादा: टिकतं किती?

वहिनी: काही महिन्यांपासून दोन-तीन वर्षांपर्यंत. सिगारेट, तंबाखू, दिवसभर चहा-कॉफी असेल तर अलीकडचंच टोक. कायमचं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

ताई: मग असं करते. या आठवड्यात तपासणी आणि स्केलिंग, मापही तेव्हाच. पुढचे दोन आठवडे ट्रे. मग दोन आठवडे थांबायचं. सहाव्यात फिलिंग. एक आठवडा हातात राहतो.

वहिनी: बरोबर. तो एक आठवडा कोणाला देऊन टाकू नकोस, ट्रे यायला उशीर होतो. उपचार चालू असताना आणि नंतर दोन दिवस गडद रंगाचं खाणं-पिणं कमी ठेव. आणि हो, हिरड्यांसाठी तुला क्लोरहेक्सिडीनचा माउथवॉश दिला होता ना कोणी? तो अजून चालू आहे?

ताई: रोज सकाळी. का?

वहिनी: त्याने दातांवर तपकिरी डाग पडतात. तो रोज वर्षभर वापरायचा नसतोच. कदाचित तुझा निम्मा रंग तिथूनच आलाय. बाटलीचा फोटो पाठव, आणि स्केलिंगच्या आधी डॉक्टरांना हे नक्की सांग.

ताई: पाठवते. थांबा, चष्मा शोधते, लेबल बारीक आहे.

काकू: शनिवारचं कोणीच सांगत नाहीये.