समुद्राकडच्या ओळीतल्या सुरूचं लाकूड जास्त भक्कम असतं का?

वाडीकर: आमच्या सुरूच्या बनात समुद्राकडची पहिली ओळ बुटकी, जाड बुंध्याची आणि समुद्रापासून आतल्या बाजूला झुकलेली आहे. मागच्या ओळी सरळ, सडपातळ. वादळात टिकते ती पुढचीच. मग मांडवाचे वासे तिच्यातूनच काढावेत का? लाकूड तपासायचं कसं?

काष्ठवेडा: पुढचं झाड टिकतं ते मुख्यतः आकारामुळे. खोड सतत हललं की उंची खुंटते, बुंधा आणि मुळं जाड होतात. वाकण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास १० टक्के वाढला तर ताकद सुमारे ३३ टक्के. लाकूड मात्र बहुधा जास्त लवचीक होतं, ताठ नव्हे. शिवाय झुकलेल्या खोडात वाऱ्याच्या बाजूला ताण-काष्ठ, म्हणजे खोडाला ओढून धरणारं वेगळं लाकूड, तयार होतं (सुरू दिसतो पाइनसारखा, पण आहे सपुष्प, पाइनमध्ये हे उलट्या बाजूला, दाब-काष्ठ म्हणून होतं). ताण-काष्ठ कापताना लोकरीसारखे तंतू निघतात आणि वाळताना लांबीतही आकसतं, म्हणून वासा वाकडा होतो. वासे मागच्या ओळींतूनच घ्या.

प्रयोगवही: तपासायचं तर छातीच्या उंचीवर, १.३ मीटरला, वाऱ्याच्या आणि आडोशाच्या अशा दोन्ही बाजूंचे तुकडे घ्या. ओल्या तुकड्याचं घनफळ पाण्यात बुडवून मोजा, मग १०३ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. कोरडं वजन भागिले ओलं घनफळ म्हणजे मूळ घनता. एकाच बाजूचा नमुना घेतलात तर ताण-काष्ठामुळे फसाल. तुलना सारख्या वयाच्या झाडांचीच करा.

माडबाग: पुढची ओळ तोडू नका, परवानगी मिळाली तरी. मागची १२ मीटर उंच, १० सेंटिमीटर जाड झाडं आडोशात वाढलेली. उघडी पडली की पहिल्याच वावटळीत आडवी होतील. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर जोर जवळपास चौपट. विरळणी मागून, थोडीथोडी, दोन-तीन वर्षांत करा.

माडाला हा हिशोब लावू नका. त्याला खोड जाड करणारा थर नसतो, त्यामुळे वाऱ्याने बुंधा नंतर फुगत नाही. बाहेरचं लाकूड घनमीटरला ६०० किलोच्या वर, गाभा ४०० च्या खाली. जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड किनाऱ्यावर वारा ताशी ११०–१२० किलोमीटर होता, तिथे माड-पोफळी मोठ्या प्रमाणावर पडल्या.

वाडीकर: नवीन रोपांना काठी बांधावी का?

काष्ठवेडा: बांधा, पण खोडाच्या खालच्या तिसऱ्या भागात, काथ्याने, सैल. शेंड्याशी घट्ट बांधलेलं रोप हलत नाही, बुंधा बारीकच राहतो. वर्षभराने काठी काढा.