सेरेब्रल पाल्सी असलेल्या चार वर्षांच्या मुलासाठी शासकीय आरोग्य योजनांचा आधार कोठून मिळवावा? (विटा, जि. सांगली)

विट्याची आई

नमस्कार. आमचा मुलगा आता चार वर्षे दोन महिन्यांचा आहे. तो सातव्या महिन्यात जन्मला आणि 24 दिवस काचेच्या पेटीत होता. दीड वर्षाचा झाला तरी आधाराशिवाय बसत नव्हता, म्हणून एमआरआय केला आणि डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर नीट ताबा न राहणे) असे निदान सांगितले. त्याचे दोन्ही पाय ताठ राहतात, फिट्सचे औषध दिवसातून दोन वेळा चालू आहे आणि आठवड्यातून तीन दिवस मी त्याला एसटीने सांगलीला फिजिओथेरपीसाठी घेऊन जाते. एका वेळचे 350 रुपये होतात; औषधे आणि प्रवास वेगळा. माझे पती यंत्रमागावर कामाला आहेत आणि आमची शिधापत्रिका केशरी आहे.

आम्ही आजवर दोन ठिकाणी प्रयत्न केला. एका खासगी विमा कंपनीने आजार आधीपासूनचा असल्याचे सांगून अर्ज परत केला. एका रुग्णालयात योजनेच्या खिडकीवर "हे योजनेत बसत नाही" एवढेच उत्तर मिळाले. कोणत्या योजनेत बसत नाही आणि का बसत नाही, हे विचारण्याचे त्या गर्दीत मला सुचले नाही. मुलाचे नाव अजून शिधापत्रिकेवर चढलेले नाही. दिव्यांग प्रमाणपत्रही काढलेले नाही, कारण एकदा शिक्का बसला की तो पुसला जात नाही, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. तो बसू शकत नसल्यामुळे त्याला अंगणवाडीतही घातले नाही. अशा मुलांसाठी शासनाचे एखादे आरोग्य कवच खरोखर आहे का, आणि असल्यास पहिले पाऊल कोणते टाकावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त पर्यवेक्षिका, कोरेगाव

ताई, मी सातारा जिल्ह्यात अंगणवाडी पर्यवेक्षिका म्हणून अनेक वर्षे काम केले आहे. आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य आपण शेवटी आणि सहज लिहिले आहे, ते म्हणजे मुलाला अंगणवाडीत घातले नाही. मूल अंगणवाडीत येऊन बसते की नाही, हा प्रश्न वेगळा आहे. सहा वर्षांखालील प्रत्येक मुलाचे नाव सेविकेच्या नोंदवहीत असायला हवे, आणि आपल्याला ज्या योजनेची सर्वप्रथम गरज आहे तिचा दरवाजा त्या नोंदवहीतूनच उघडतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम हे त्या योजनेचे नाव आहे. तिची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे झाली. जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांमधील जन्मजात व्यंगे, पोषणाच्या कमतरता, बालपणीचे आजार आणि वाढीतील विलंब लवकर ओळखून पुढील उपचार मोफत मिळवून देणे हा तिचा हेतू आहे. प्रत्येक तालुक्यात तिची फिरती पथके असतात. पथकात दोन डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असतो. हे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. जन्मतः हृदयाला छिद्र असलेली, ओठ वा टाळू दुभंगलेली आणि पाय वाकडे असलेली मुले या पथकांनी पुढे पाठवलेली मी स्वतः पाहिली आहेत. वाढीतील विलंब हाही याच कार्यक्रमाचा भाग आहे, हे मात्र पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. अशा मुलांसाठी जिल्हा पातळीवर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. तेथे बालरोगतज्ज्ञांबरोबर फिजिओथेरपी, वाचा व श्रवण तपासणी, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक यांची सेवा एकाच छताखाली मिळावी अशी रचना आहे.

पथक येण्याची वाट पाहत बसू नका. सेविकेला किंवा आशाताईंना भेटून पुढील भेटीची तारीख विचारा, आणि ती लांबची असेल तर ग्रामीण रुग्णालयात जाऊन पथकाच्या डॉक्टरांना मुलाला दाखवा. त्यांच्याकडून संदर्भचिठ्ठी लिहून घ्या. तोंडी सांगण्यावर जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊ नका. यासाठी दिव्यांग प्रमाणपत्राची अट नाही, त्यामुळे घरच्यांशी त्या विषयावर चर्चा चालू असतानाही हे काम थांबवण्याचे कारण नाही.

कराडचा माजी आरोग्यमित्र

खिडकीवर मिळालेल्या उत्तराबद्दल लिहितो, कारण काही वर्षे मी अशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूला बसत होतो. "योजनेत बसत नाही" हे उत्तर बहुधा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबाबत असावे. ते अपुरे असले तरी अगदीच खोटे नसावे. ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, ठरवून दिलेल्या उपचारांसाठी आहे. 1 जुलै 2024 पासून तिचे संरक्षण प्रतिकुटुंब प्रतिवर्षी 5 लाख रुपये असून यादीत तेव्हा 1,356 उपचार होते, आणि पिवळ्या व केशरीबरोबर पांढरी शिधापत्रिका असलेली कुटुंबेही तिच्यात आली आहेत. मात्र आठवड्यातून तीनदा जाऊन घेण्याची फिजिओथेरपी किंवा महिन्याचे फिट्सचे औषध या यादीत येत नाही. उद्या मुलाला फिट्स आवरेनात म्हणून दाखल करावे लागले किंवा पायाची शस्त्रक्रिया सुचवली गेली, तर तोच मुलगा त्याच खिडकीवर पात्र ठरू शकतो. म्हणून "बसत नाही" असे कोणी म्हटले की "कोणता उपचार यादीत नाही?" असा प्रश्न करावा, आणि शंका राहिल्यास 155388 या निःशुल्क क्रमांकावर विचारावे.

आपल्या बाबतीत मला काळजी वाटते ती शिधापत्रिकेची. कुटुंब पात्र असूनही मुलाचे नाव पत्रिकेवर नसल्यामुळे ऐन दाखल करण्याच्या वेळी झालेली धावपळ मी इतक्यांदा पाहिली आहे की, आजाराच्या खालोखाल मी तिलाच संकट मानतो. विट्याला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत मुलाचा जन्मदाखला आणि आधार घेऊन जा व नाव चढवून घ्या. त्यानंतर आयुष्मान कार्डासाठी त्याची ओळख-पडताळणी करून ठेवा. हे काम शांत दिवसांत करायचे असते.

आणखी एक विचारतो. आपल्या पतींच्या पगारातून ईएसआयची (कामगार राज्य विमा योजनेची) कपात होते का? महिना 21,000 रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार त्या कायद्याखाली येत असेल, तर पत्नी आणि मुले यांनाही वैद्यकीय सेवा मिळते. त्यात दवाखान्यात न राहता घ्यावयाचे उपचारही येतात. दहा कामगारांच्या आतील कारखान्याला हा कायदा सहसा लागू होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवा.

मिरजेचा पालक

माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे आणि तिलाही सेरेब्रल पाल्सी आहे, त्यामुळे वरील दोघांनी सांगितलेल्या वाटांवरून आम्ही चाललो आहोत. परंतु रोजच्या थेरपीचा आणि औषधांचा खर्च ज्या एका योजनेने आम्हांला थोडा तरी परत दिला, तिचे नाव अजून येथे आलेले नाही. ती म्हणजे राष्ट्रीय न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना.

हा न्यास 1999 च्या कायद्याने स्थापन झाला. त्याचे कार्यक्षेत्र सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता (ऑटिझम), बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चारच प्रकारांपुरते आहे, आणि निरामय योजनाही त्या चौघांसाठीच आहे. वर्षाला एकूण 1 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. नोंदणीपूर्वी वैद्यकीय तपासणीची अट नाही आणि आजार आधीपासूनचा असल्याचे कारण सांगून कोणी अर्ज नाकारत नाही, म्हणजे जेथे खासगी कंपनीने आपल्याला दार लावले नेमके तेथेच ही योजना उघडी आहे. बाह्यरुग्ण उपचार, औषधे, तपासण्या, नियमित थेरपी आणि काही प्रमाणात प्रवासखर्चही तिच्यात येतो. प्रत्येक बाबीला स्वतंत्र उपमर्यादा आहे, त्यामुळे पूर्ण लाखभर रुपये थेरपीवर मिळतील अशी अपेक्षा ठेवू नये. आम्ही नोंदणी केली तेव्हा दारिद्र्यरेषेवरील कुटुंबाला 500 रुपये आणि रेषेखालील कुटुंबाला 250 रुपये शुल्क होते. नूतनीकरण त्याहून स्वस्त होते. नोंदणी न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत होते आणि अशा संस्थांची जिल्हावार यादी न्यासाच्या संकेतस्थळावर मिळते.

यातील पैसे आधी खर्च करून नंतर मागायचे असतात, आणि आमचे हात पोळले ते येथेच. आमचा पहिला दावा परत आला, कारण थेरपिस्टच्या बिलावर केवळ "थेरपी, एक महिना" असे लिहिले होते. त्यानंतर आम्ही प्रत्येक बिलावर तारीखवार हजेरी, थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक, सही आणि शिक्का घेऊ लागलो, आणि सोबत थेरपी किती दिवस हवी हे लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी जोडू लागलो. मूळ बिले पाठवण्यापूर्वी त्यांची झेरॉक्स काढून ठेवा. विम्याचे वर्ष 1 एप्रिल ते 31 मार्च असे चालते, म्हणून फेब्रुवारीत नोंदणी केली तर जेमतेम महिना-दीड महिना हाती लागतो. एका वर्षी आमचे तसेच झाले.

आता शिक्क्याबद्दल. पर्यवेक्षिकाबाईंनी प्रमाणपत्राशिवाय तपासणी होते असे सांगितले ते बरोबर आहे, तरीही प्रमाणपत्राचे काम मागे ठेवावे असे मला वाटत नाही, कारण निरामयसाठी ते लागतेच. आमच्या आईचाही याला विरोध होता. लहान वयात मिळणारे प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते आणि पुढे फेरतपासणी होते, हे तिला दाखवले तेव्हा ती निवळली. प्रमाणपत्राचा अर्ज शासनाच्या स्वावलंबन संकेतस्थळावर करायचा, जवळचे शासकीय रुग्णालय निवडायचे आणि मिळालेल्या तारखेला तेथील वैद्यकीय मंडळापुढे जायचे. त्या दिवशी जन्माच्या वेळचे डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींचा आलेख) आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत असावी. याच प्रमाणपत्रावर मुलाला एसटीत 75 टक्के सवलत मिळते. (ताई, आपले तिकीट 2023 पासून अर्धे आहेच, आठवड्याच्या तीन फेऱ्यांत हा हिशेब लहान नाही.)

दहिवडीकर

मध्येच विचारतो, क्षमस्व. माझी भाची अडीच वर्षांची आहे आणि तिला जन्मापासून ऐकू येत नाही. तिलाही निरामय मिळेल का?

मिरजेचा पालक

नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत आणि श्रवणदोष त्यांत आहे, परंतु निरामय फक्त वर सांगितलेल्या चार प्रकारांसाठी आहे. या दोन याद्यांची गल्लत फार होते. थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचेही तसेच आहे. ते 21 मध्ये आहेत, चारांत नाहीत.

निवृत्त पर्यवेक्षिका, कोरेगाव

दहिवडीकर, आपल्या भाचीसाठी बाल स्वास्थ्य पथकच योग्य आहे, कारण जन्मजात बहिरेपणा त्यांच्या यादीत आहे. तिची बेरा तपासणी (लहान मुलांच्या श्रवणाची यंत्राने होणारी चाचणी) झाली नसेल तर ती याच महिन्यात करून घ्या. कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रियेने कानात बसवायच्या श्रवणयंत्रासाठी) केंद्राच्या, दिव्यांगांना साधने देणाऱ्या एडिप योजनेत पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचा विचार होतो आणि त्याचे काम मुंबईच्या अली यावर जंग संस्थेमार्फत चालते. शस्त्रक्रिया जितकी लवकर होईल तितकी भाषा चांगली येते आणि त्यानंतरही वाचा प्रशिक्षण दीर्घकाळ घ्यावे लागते, म्हणून पाच वर्षे ही मुदत आहे असे समजून अडीच वर्षे निवांत राहू नका.

विट्याची आई

सर्वांचे मनापासून आभार. पतींना विचारले, त्यांच्या शेडमध्ये सहाच कामगार आहेत, त्यामुळे ईएसआयचा प्रश्न मिटला. काल अंगणवाडीत जाऊन मुलाचे नाव नोंदवले. पथक पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात येणार आहे, परंतु सेविकाताईंनी त्याआधीच ग्रामीण रुग्णालयात दाखवण्यासाठी माझ्यासोबत येण्याचे कबूल केले आहे. सासूबाईंना मुदतीच्या प्रमाणपत्राबद्दल वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, पण डिस्चार्ज कार्ड त्यांनी आपल्या पेटीतून स्वतः काढून दिले.

एक अडचण मात्र आजच लक्षात आली. जन्मदाखल्यावर मुलाचे नाव एका प्रकारे आहे आणि आधारवर त्याच नावातील एक अक्षर वेगळे आहे. शिधापत्रिकेवर नाव चढवताना कोणते नाव द्यावे?

कराडचा माजी आरोग्यमित्र

शिधापत्रिकेच्या अर्जाआधी आधार दुरुस्त करा, आणि तो जन्मदाखल्याप्रमाणे करा. आधारप्रमाणे जन्मदाखला बदलायला जाऊ नका. मुलगा पाच वर्षांचा झाला की बोटांच्या ठशांसाठी आधार केंद्रात पुन्हा जावे लागणारच आहे, पण नावाच्या दुरुस्तीसाठी तोवर थांबू नका. शिधापत्रिका, दिव्यांग प्रमाणपत्र आणि निरामय या तिन्ही ठिकाणी हेच नाव जाणार आहे. दुरुस्तीची पावतीही फाइलमध्ये ठेवा, कारण जुन्या केसपेपरवरचे नाव वेगळे का, असे कोणीतरी विचारेलच.