विषय: दिवाळीत वसतिगृहातल्या मुलांसाठी चित्रकला स्पर्धा – सूचना हव्यात

प्रेषक: सचिव

मंडळी, नमस्कार.

इथे बर्लिनमध्ये आपल्या मराठी मंडळाच्या सभागृहापासून दोन गल्ल्यांवर निर्वासितांचं वसतिगृह आहे. तिथे चौदा ते अठरा वयाची वीसेक मुलं-मुली राहतात. बहुतेक सीरिया, अफगाणिस्तान आणि युक्रेनमधली आहेत, काही एकटीच आलेली. त्यांना दिवाळीच्या कार्यक्रमाला बोलवावं, दुपारी चित्रकला स्पर्धा घ्यावी आणि संध्याकाळी स्टेजवर बक्षिसं द्यावीत असं कार्यकारिणीला वाटतं. विषय 'माझं हरवलेलं घर'. फोटो आपल्या पानावर टाकू. २०० युरो बाजूला काढले आहेत. रविवारपर्यंत कळवा.

– सचिव

*

प्रेषक: वेडिंगहून

दादा, त्यांना बोलवायचं हे फार बरं केलंत. पण विषय बदला, आणि स्पर्धा नकोच. का ते सांगते.

मी दोन वर्षं एका शाळेच्या विलकॉमेन्सक्लासमध्ये, म्हणजे नव्याने आलेल्या मुलांच्या जर्मनच्या वर्गात, शुक्रवारी चित्रकला घेते. पहिल्याच महिन्यात मी हाच विषय दिला होता. सोळा वर्षांचा एक मुलगा तासभर कोऱ्या कागदाकडे बघत बसला. मग कागदाची घडी करून खिशात घातली आणि निघून गेला. पुढचे तीन शुक्रवार आला नाही. सुटलेल्या घराची हकीकत त्याने तोवर किती जणांना सांगितली असेल! अधिकाऱ्यांना, वकिलाला, दुभाष्यामार्फत, तारीखवार. तीच मी रंगपेटी पुढे करून पुन्हा मागितली होती. चूक माझी होती.

तो परत आला तेव्हा आम्ही लिनोलियम कोरून ठसे काढत होतो. त्याने कबुतरं कोरली, एकाखाली एक, सात. घरच्या गच्चीवर पाळलेली होती, हे त्याने आपण होऊन सांगितलं, तेही दोन महिन्यांनी. दरम्यान युक्रेनच्या एका मुलीला पातं कसं धरायचं ते तो शिकवत होता. दोघांची सामाईक भाषा मोडकी जर्मन. 'इकडे धर', 'तिरकं गेलं', 'शाई संपली' हे शब्द त्यांना तिथे आले, आणि आले ते पक्के बसले. हाताला काम असलं की समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं लागत नाही. त्या वयाच्या मुलांना याचा मोठा आधार असतो.

फ्रीडल डिकर-ब्रँडाइसचं नाव इथे घ्यायलाच हवं. बाउहाउस या जर्मनीतल्या नामवंत कलाशाळेत शिकलेली ही चित्रकार. हिटलरच्या जर्मनीतून पळून प्राग शहरात आलेल्या कुटुंबांच्या मुलांना ती चित्रकला शिकवायची. १९४२ मध्ये तिलाच तेरेझीनच्या छळछावणीत टाकलं, तर तिथेही तिने मुलांचे वर्ग चालू ठेवले. प्रत्येक चित्रावर मुलाने स्वतःचं नाव लिहावं, असा तिचा आग्रह असे. १९४४ मध्ये आउशवित्सला नेऊन तिला मारलं. मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रं उरली, ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयात आहेत. तिची शिष्या एडिथ क्रेमर पुढे अमेरिकेत कलेतून उपचार करणाऱ्या पहिल्या पिढीतली झाली. म्हणून मला पहिला-दुसरा क्रमांक लावणं पटत नाही. नाव लिहायचं, क्रमांक नाही.

फोटोही नकोत. कित्येकांचं अर्धं कुटुंब अजून तिकडे आहे. इकडचा एक फोटो तिकडे कुणाला महागात पडू शकतो.

*

प्रेषक: श्टेग्लिट्सहून

वहिनी, तुमचं वाचून गलबललं. तरी एक शंका विचारतो. आपल्या मराठी शाळेलाच शिकवणारे मिळत नाहीत. आणि या मुलांना हवेत कागदपत्रं, भाषा, पुढे काम. आपल्या चित्रकलेने त्यातलं काय मिळणार?

*

प्रेषक: नॉयक्योल्नहून, मूळचा कोल्हापूरचा

आजीचं माहेर उचगाव. तिच्या लहानपणी शेजारी वळिवड्याला पोलिश कॅम्प होता, १९४३ ते १९४८. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत सत्तेने घरातून उचलून सायबेरियात, कझाकस्तानात नेलेली, तिथून इराणमार्गे आपल्याकडे पोचलेली. कॅम्पात त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउटची पथकं होती. ते नाटकं बसवत, गाणी म्हणत. आजी तिच्या वडिलांबरोबर भाजी घालायला जायची. तिला म्हातारपणीही आठवायचं ते रंगीत फिती बांधून नाच बसवणाऱ्या मुलींचं.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की नाटक त्यांचं होतं आणि आपली माणसं बघणारी होती. ती मुलं पुढे जगभर पांगली, पण कोल्हापूर विसरली नाहीत. सत्तरी-ऐंशीत परत येऊन गेली. वॉर्सामध्ये आज कोल्हापूरच्या नावाचं स्मारक उभं आहे. कॅम्पाच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, तेच आजचं गांधीनगर. आपल्या घरात कोण येऊन राहिलं होतं हे कोल्हापूरकराला चांगलं ठाऊक आहे. मी शनिवार देतो.

*

प्रेषक: वेडिंगहून

भाऊजी, शंका रास्त आहे. चित्र काढून कुणाला राहण्याचा परवाना मिळत नाही, आणि तसं आपण भासवूही नये. पण याच शहरात डिसेंबर २०१५ मध्ये 'मुलतका' नावाचा उपक्रम सुरू झाला. सीरिया आणि इराकमधून आलेल्यांनाच संग्रहालयांत वाटाडे म्हणून तयार केलं आणि ते अरबीतून लोकांना फिरवू लागले. पेर्गामॉन संग्रहालय दुरुस्तीसाठी बंद व्हायच्या आधी मी तिथे बॅबिलॉनच्या इश्तार दरवाजापुढे असा एक गट पाहिला. सांगणारा माणूस तिथे पाहुणा वाटत नव्हता. मला या मुलांसाठी तेवढंच हवं आहे. आठवड्यातले दोन तास कुणीतरी त्यांना विचारावं, की हे कसं करायचं?

गेल्या दिवाळीत मी वर्गात आकाशकंदील नेला. अफगाण मुलगी म्हणाली, 'फानूस'. मागून सीरियाचा मुलगाही तेच म्हणाला. माझ्या पणजीच्या घरी फाणसच म्हणत. फळ्यावर आम्ही तिन्ही शब्द लिहिले, खाली जर्मन 'लाटेर्ने'. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे आणि ११ ला सांक्ट मार्टिनचा सण. इथली पोरं त्या दिवशी कंदील घेऊन रस्त्याने गाणी म्हणत फिरतात. तर कंदीलच करू. ५ सप्टेंबरपासून दर शनिवारी, तीच वेळ, तीच खोली, तीच दोन-तीन माणसं. ३ ऑक्टोबरला सुट्टी, म्हणजे ऑक्टोबरअखेर आठ शनिवार. आपली पोरंही त्यात हवीत, मदतनीस म्हणून नाही, बरोबरीने. आकार ज्याचा त्याने ठरवावा. ८ तारखेला सभागृहात सगळे लावू. स्टेजवर कुणाला उभं करायचं नाही. ज्याला ११ ला रस्त्यावर न्यायचा असेल त्याने न्यावा, कंदील त्याचा आहे.

*

प्रेषक: सचिव

स्पर्धा रद्द, फोटो रद्द. २०० युरो कागद, काड्या, दिवे यांना. जे मुलांबरोबर बसणार त्यांनी ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिक कार्यालयात, अर्ज करून विस्तारित चारित्र्य दाखला काढावा. स्वयंसेवकांना तो मोफत मिळतो, पत्र मी देतो. एकट्या आलेल्या मुलांच्या पालकत्वाचं युगेंडआम्ट, म्हणजे बालकल्याण कार्यालय, बघतं, तेव्हा आधी वसतिगृहाच्या ताईंशी बोलून मुलांनाच विचारू, त्यांना यायचंय का.

*

प्रेषक: श्टेग्लिट्सहून

बांबूच्या काड्या माझ्या तळघरात आहेत. खळ मी घरून शिजवून आणतो. शनिवारी किती वाजता येऊ?