मदत हवी आहे: सुकाणूवाल्या खलाशाचं फ्रेंच घड्याळ

नमस्कार मंडळी,

मामा मर्चंट नेव्हीत होते. त्यांनी मार्सेयहून आणलेलं एक टेबल-घड्याळ आता माझ्याकडे आहे. पितळी डेक, त्यावर सुकाणूचं चाक धरून उभा असलेला खलाशी आणि खाली गोल डायल. घड्याळ चालू असलं की खलाशी डावी-उजवीकडे डुलतो, अगदी बोट हेलकावे खातेय तसा! खरं तर तो लंबकाचाच भाग आहे. वजनदार गोळा खालच्या पेटीत लपवलाय. मागे 'ब्रेवेते' अशी पेटंटची खूण आहे. पॅरिसच्या आंद्रे रोमँ गिल्मे (१८२७-१८९२) यांनी अशी जहाजाची, दीपगृहाची, वाफेच्या हातोड्याची घड्याळं बनवली. हे त्यांचंच की नंतरची नक्कल, हा एक प्रश्न.

पण खरी अडचण वेगळीच. खलाशी काढून ठेवला की टिकटिक नीट चालते, बसवला की थोड्याच वेळात बंद. एका घड्याळजींनी लंबक ज्या पातळ पोलादी पट्टीवर टांगतात ती बदलली, तरी तेच. नवी पट्टी जाड झाली असेल का? की खलाशाचं वजन मध्यावर नाही?

मुंबई-पुण्यात जुन्या फ्रेंच यंत्रांवर हात बसलेला कोणी कारागीर माहीत आहे का? पितळेला पॉलिश मारणारा नको, मूळ रंग मला जपायचाय. मागच्या बाजूचे फोटो लगेच पाठवतो.