साउंडबारमधून आवाज येत नाही, ऑप्टिकल वायर लावलीय – मदत हवी आहे

होटगीरोडकर: ऑप्टिकल (प्रकाशातून आवाज नेणारी वायर) लावूनही बार गप्प. आईला टीव्हीचा आवाज नीट ऐकू येत नाही म्हणून बार घेतला. दुकानदार म्हणतो टीव्ही बदला. चांगला चालणारा टीव्ही कशाला टाकू? लवकर सांगा, रात्री तिचं कीर्तन असतं.

खटपट्या: टीव्ही कोणता, किती सालचा? बारवर सोर्स काय ठेवलाय? टीव्हीमागे एखाद्या एचडीएमआय पोर्टजवळ एआरसी (त्याच वायरीतून टीव्हीचा आवाज बारकडे पाठवायची सोय) लिहिलंय का?

होटगीरोडकर: जुना आहे हो. एआरसी कुठेच नाही. बारवर ओपीटी, म्हणजे ऑप्टिकलच, दिसतंय.

सातरस्ता: ब्लूटूथ घ्या, वायरीची कटकटच नको.

खटपट्या: जुन्या टीव्हीला त्यासाठी ट्रान्समीटर लागतो. वर ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. कीर्तनात टाळ मागे पडलेला लगेच कळतो.

सातरस्ता: माझ्याकडे अजिबात मागे पडत नाही. उगाच घाबरवू नका.

जुळेसोलापूर: बार भिंतीवर लावणार असाल तर ड्रिल मारण्याआधी आतलं लाइट फिटिंग बघा. ब्रॅकेट नवी पेठेत मिळेल, पण सकाळी जा, संध्याकाळी गाडी लावायला जागा नसते.

वायरमनअण्णा: टीव्ही चालू ठेवून बारकडचं टोक काढा आणि तळहातासमोर धरा, डोळ्यासमोर नको. लाल ठिपका पडतो का? टोकांवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्या का? कपाटामागे वायर मुडपलीय का?

होटगीरोडकर: टोप्या काढूनच लावलीय, मुडपलेली नाही. ठिपका स्वच्छ पडतो. पेनड्राइव्हवरची गाणी येतात की बारमधून! सेट-टॉप बॉक्सचे एचडी चॅनेलच तेवढे येत नाहीत.

वायरमनअण्णा: मालक, हेच तर हवं होतं! म्हणजे वायर ठीक, टीव्ही ठीक. गाणी साध्या पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या डिजिटल आवाजात, जातात. बॉक्स एचडी चॅनेलचा आवाज डॉल्बी डिजिटलमध्ये, म्हणजे दाबून बांधलेला, देत असणार, टीव्ही तो तसाच पुढे ढकलतो, आणि बारमध्ये तो उलगडणारा डॉल्बीचा डिकोडर नसणार. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये डॉल्बी काढून पीसीएम किंवा स्टिरिओ करा.

सातरस्ता: मग 5.1, चहूबाजूंनी येणारा आवाज, गेलं ना!

खटपट्या: बारला उलगडताच येत नाही, तर 5.1 चं करायचं काय? तोशिबाने 1983 मध्ये ही ऑप्टिकल वायर आणली ती सीडी प्लेअरच्या स्टिरिओसाठीच. एआरसी आलं 2009 मध्ये, एचडीएमआय 1.4 बरोबर. त्याआधीच्या टीव्हीला ऑप्टिकलच बरं.

होटगीरोडकर: पीसीएम केलं, आला आवाज! आईला शब्द न् शब्द कळतोय. अण्णा, लई उपकार झाले. पण टीव्हीच्या रिमोटने आवाज कमी-जास्त होत नाही, ते कसं करायचं?

वायरमनअण्णा: ऑप्टिकलमधून नुसता आवाज जातो, रिमोटचा हुकूम जात नाही. बारचा रिमोट आईच्या हाताशी ठेवा. टीव्हीचे स्पीकर मेनूतून बंद करा, नाहीतर दोन्हीकडून आवाज घुमेल आणि शब्द परत कळेनासे होतील.

जुळेसोलापूर: भिंतीवर लावताय ना मग? ब्रॅकेट घेताना बारच्या मागच्या भोकांचं अंतर मोजून न्या.