अनुभव धागा : तुमच्यापुरता नाताळ नेमका कधी सुरू झाला?

नगरची_पोर (धागा माझाच) :
सलाम मंडळी. आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या आठवड्यांचा, पहिला रविवार झाला आणि आमच्या तरुण संघाच्या ग्रुपवर टी-शर्टचा रंग, जेवणाचं कंत्राट नि साउंडवाल्याचा ॲडव्हान्स यांवर दोनशेच्या वर मेसेज पडले. गंमत म्हणून त्यात 'येशू' शब्द शोधला. एकदाच सापडला, तोही बॅनरच्या मजकुरात. हसू आलं, मग लाज वाटली, कारण त्यातले निम्मे मेसेज माझेच होते.
म्हणून विचारते. सण दरवर्षी येतोच, पण आतून कधी सुरू झाला? कुठे, कशानं? झालाच नसेल तर तेही लिहा. कॅथलिक, प्रॉटेस्टंट, कुठलेच नसलेले, सगळे या. प्रवचन तेवढं नको, ते रविवारी ऐकतोच.

गोठेवाला_वसई :
आमच्याकडे नाताळ म्हणजे गोठा (येशूजन्माचा देखावा) आणि गोठा म्हणजे स्पर्धा. प्रत्येक आळीचा वेगळा. डिसेंबर लागला की संध्याकाळची विरार लोकल पकडून घरी यायचं, डबा ठेवायचा आणि थेट मांडवात. देखाव्यातल्या शेतासाठी नाचणी पेरायची तारीख चुकवून चालत नाही. लवकर पेरली तर नाताळपर्यंत पिवळी पडून आडवी होते, उशीर झाला तर शेताऐवजी टक्कल दिसतं. आम्ही बारा-तेरा दिवस धरतो. मोटर लावून धबधबा केलाय, पवनचक्की फिरवलीय, एका वर्षी बेथलेहेमवरून विमानसुद्धा नेलं. (परीक्षकांनी गुण कापले. बरोबरच केलं.)
२०२० साली स्पर्धा नव्हती. गर्दी नको म्हणून चौघांनीच पेंढा, चार बांबू आणि माळ्यावरच्या जुन्या मूर्ती एवढ्यावर भागवलं. शेजारच्या आजी आल्या. लाल लुगडं, हातात जपमाळ, मास्क हनुवटीखाली. बराच वेळ बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "मेंढरांची तोंडं रस्त्याकडे का रे?" इतकी वर्षं आम्ही मेंढरं बघणाऱ्यांकडे तोंड करूनच मांडत होतो, फोटोत बरी दिसतात म्हणून. आजींनी स्वतः वाकून एकेक मेंढरू गव्हाणीकडे फिरवलं. गव्हाणीत बाळ नव्हतंच अजून, ते आम्ही मिस्सा (चर्चमधली उपासना) झाल्यावर ठेवतो. सगळी मेंढरं रिकाम्या गव्हाणीकडे बघत बसलेली. मी तिथून लवकर हललो नाही.

डबा_रिकामा_नको :
मी ख्रिस्ती नाही, पण सगळे या म्हणालात म्हणून. सोलापुरात आमच्या चाळीत दिवाळीचा फराळ ज्या डब्यातून जायचा तो शेजारच्या मावशी लगेच परत करत नसत. २५ डिसेंबरला केक आणि करंज्या भरूनच यायचा. आईचा स्टीलचा डबा दिसला की समजायचं, नाताळ आला.

ओढणीवाली :
मी अकरावीत असतानाचं शिबिर. शेवटच्या रात्री वक्त्यांनी दिवे मंद करायला लावले, कीबोर्डवाल्यानं एकच सूर धरून ठेवला आणि ज्यांना आपलं जीवन प्रभूला द्यायचंय त्यांनी पुढे यावं असं आवाहन झालं. बाकं भराभर रिकामी झाली. मैत्रिणी हमसून हमसून रडत होत्या. मला काही केल्या रडू येईना. एकटीच बसलेली दिसायला नको म्हणून पुढे गेले आणि ओढणी डोळ्यांना लावून उभी राहिले. ते ढोंग मला पुढे कितीतरी वर्षं टोचत होतं.
नंतर केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला गेले. १९०५ साली तिथं झालेल्या जागृतीच्या गोष्टी लहानपणापासून ऐकलेल्या : मुली तासन्‌तास प्रार्थना करत, रडत. म्हटलं, झालं, इथंही रडणंच. पण मनात राहिलं ते भलतंच. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकचा अभ्यास करून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं आणि त्याचे खिळे (छपाईची धातूची अक्षरं) जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम तिथल्याच बायकांनी केलं. १९२१ साली रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. त्यानंतरही हे काम चालूच होतं, एप्रिल १९२२ मध्ये रमाबाई स्वतः जाईपर्यंत. मी कल्पना करत राहिले : दुष्काळातून आलेली, मोठेपणी अक्षरं शिकलेली एखादी बाई खिळा उचलते, ओळ लावते, चुकली की मोडून परत लावते. तिला त्या वेळी रडू येत होतं की नाही, कोण विचारणार?
त्या डिसेंबरपासून संडे स्कूलच्या नाटिकेचे संवाद मी प्रत्येक मुलाला हातानं, मोठ्या अक्षरात लिहून देते. झेरॉक्स नाही. मेंढपाळ क्रमांक तीनला एकच वाक्य असतं, त्यालाही.

मागच्या_बाकावरचा :
सूर बिघडवतो, माफी असावी. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, पंच निवडीवरून भांडण झालं, तरुण संघाचे दोन झाले, जागेचं प्रकरण कोर्टात गेलं. एका नाताळला एकाच देवळाच्या (चर्चच्या) आवारात दोन मांडव, दोन स्पीकर. एकीकडे 'शांती' चालू, दुसरीकडेही 'शांती'. आई मधल्या भिंतीशी उभी, कुठल्या मांडवात जावं कळेना म्हणून. त्यानंतर मी गेलो नाही.
कुणी विश्वास सुटला म्हणतं तेव्हा कवी ना. वा. टिळकांचं नाव घेतो. १८९५ ला बाप्तिस्मा घेतलेला हा माणूस, ज्यांची भजनं आजही सगळ्या मंडळ्या गातात, त्यांनीसुद्धा १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा वेगळा मेळा उभा केला. माझी नि त्यांची बरोबरी नाही. पण बाहेर पडणं आणि सोडून देणं एकच नसतं, एवढं त्यावरून म्हणता येतं. नाताळ सुरू झाला का? नाही. आईच्या हातची नानकटाई खायला घरी जातो, तेवढंच.

नगरची_पोर :
@मागच्या_बाकावरचा, सूर बिघडला नाही. दोन मांडवांचं वाचून घशात आलं.

शिफ्ट_संपली :
नर्स आहे, शिकले मिरजेत. शारजातलं पहिलं वर्ष, २०१६. तिकडे २५ डिसेंबरला सुट्टी नसते. तेव्हा साप्ताहिक सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे आमची मुख्य उपासनाही शुक्रवारीच, आणि एकाच आवारात पाठोपाठ मल्याळी, तमिळ, उर्दू, मग आपण. आईनं बॅगेत 'उपासना संगीत' हे आपल्या गीतांचं पुस्तक कोंबलं होतं, मी वजन होतं म्हणून कुरकुर केली होती. त्या छोट्या खोलीत जालन्याचे, सोलापूरचे, कोल्हापूरचे तीसेक लोक, आणि पुस्तकं चार. माझ्या पुस्तकात तिघी डोकावत होत्या. एकीनं पानावरचा हळदीचा डाग बघून विचारलं, "आईचं का?"

फडावरची_कॅरल :
वाचत होतो, आता लिहितो. आमचं गाव नेवासे तालुक्यात. कॅरल म्हणजे ढोलकी, टाळ, एक पेटी आणि बसायला ट्रॅक्टरची ट्रॉली. (ढोलकी की ड्रमपॅड हा वाद आमच्यातही आहे. मिटलेला नाही, मिटणार नाही.) वाडी-वस्तीवर घरोघर गायचं, चहा प्यायचा, पहाटे परत.
सात-आठ वर्षांपूर्वी एका बैठकीत पोरगा म्हणाला, "माझे आईबाप यंदा घरी नाहीत, फडावर आहेत." आम्ही गप्पच. दिवाळी झाली की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, साखर कारखान्यावर जातात ते उन्हाळ्यातच परत येतात. त्यात आपल्या मंडळीचे किती जण आहेत हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं. नाताळला बाकं रिकामी दिसायची, लोकांची श्रद्धा कमी झाली असं आम्ही म्हणत होतो.
२३ तारखेला रात्री गेलो. पाचटावर ताडपत्री टाकलेल्या कोप्या, बाहेर बैल, गार वारा. लोक नऊलाच झोपलेले, कारण तीनला उठून उसात शिरायचं. आम्ही हळूच पहिलं गाणं धरलं. एका कोपीतून बाईचा आवाज आला, "थांबा, थांबा." वाटलं, ओरडणार. ती बाहेर आली, उसाचे डाग पडलेला कामाचा शर्ट काढून धुतलेलं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन. म्हणाली, "आता म्हणा." पोराचा बाप मागे उभा, हाताची बोटं चिंध्यांनी बांधलेली, त्यामुळे टाळ्या वाजवता येईनात. तो मांडीवर मनगट आपटून ठेका धरत होता. गुळाचा कोरा चहा झाला. पाळकसाहेब सोबत होते, त्यांनी प्रभुभोजनाचं साहित्य, भाकर नि द्राक्षरस, आणलं होतं. ट्रॅक्टरच्या दिव्यात ते दिलं. तिथं तुमचं ते 'सुरू' झालं असं म्हणायला हरकत नाही.
तेव्हापासून दरवर्षी जातो.

मागच्या_बाकावरचा :
यंदा कधी?

फडावरची_कॅरल :
२३ लाच. आठला देवळापासून ट्रॉली निघते, पण तुम्हाला आवारात यायचं नसेल तर फाट्यावर उभे राहा, उचलून घेतो. स्वेटर, कानटोपी आणा. आणि कोपीबाहेर चपला सोडू नका, कुत्री नेतात. गेल्या साली पाळकसाहेब अनवाणी परत आले.