मदत हवी आहे: क्वालिफायिंगमधला ‘मुद्दाम’ स्पिन ओळखायचा कसा?

मडगावजवळ क्लबची कार्टिंग स्पर्धा, भाड्याच्या कार्ट, क्वालिफायिंग (सर्वात जलद लॅपवरून शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र) 10 मिनिटांचं. स्पर्धेच्या सलग दोन फेऱ्यांच्या क्वालिफायिंगमध्ये तेच: पहिल्या नंबरावरचा ड्रायव्हर शेवटच्या मिनिटाला हेअरपिनवर (अगदी तीव्र वळणावर) गरकन फिरून आडवा, पिवळे झेंडे (म्हणजे वेग कमी करा), मागच्यांचे लॅप वाया, त्याचा पहिला नंबर कायम.

10 हर्ट्झ (सेकंदाला 10 नोंदी) जीपीएसचा डेटा त्याच्याच सर्वोत्तम लॅपवर ठेवून पाहिला. ब्रेक तीनेक मीटर उशिरा. पण ताशी 60 किमीला दोन नोंदींतच 1.7 मीटर जातात, त्यामुळे यावर कुणाला दोषी कसं धरणार? ब्रेक प्रेशर, स्टिअरिंगचे सेन्सर नाहीत, बजेटही नाही. सेंट्रिफ्युगल क्लच (इंजिन मंदावलं की आपोआप सुटणारा) असल्यामुळे आरपीएमवरून मागचं चाक लॉक झालं का तेही कळत नाही. शिवाय ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला, म्हणजे चुकूनही अस्संच फिरतं. सीसीटीव्हीत ड्रायव्हरची पाठ दिसते, हात नाहीत.

फॉर्म्युला वनमध्ये मोनाकोच्या क्वालिफायिंगला 2006 मध्ये शूमाकर रास्कास वळणावर थांबला, त्याला सगळ्यांच्या मागे पाठवलं. 2014 मध्ये तिथेच रोझबर्ग मिराबो वळणावर न वळता सरळ गेला, तो सुटला. दोन्हीकडे टेलिमेट्री (गाडीतल्या सेन्सरचा डेटा) होती. आमच्याकडे नाही, म्हणून हेतूच्या वादात पडूच नये असं माझं मत. अमेरिकेतल्या इंडीकार मालिकेत क्वालिफायिंगमध्ये लाल झेंडा (सत्र थांबवणारा) आणणाऱ्याचे जलद लॅप रद्द होतात, हेतू कोणी विचारत नाही. पण आमच्याकडे मार्शल कार्ट ढकलून बाजूला घेतात, लाल झेंडा निघतच नाही. आणि चेन तुटलेल्याला शिक्षा नको.

फक्त पिवळ्या झेंड्यावर लॅप रद्द करायचा नियम कोणी चालवलाय का? किती लॅप, आणि बिघाडाची सूट नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिलीत?